फ्लॅटबेड फिल्म स्कॅनर: डार्करूम आवरायला काढलेल्यांसाठी

निकाल आधी सांगते. फिल्मच्या काळातलं काम कपाटात पडून आहे आणि ते कपाट आता मोकळं करायचंच, असं ज्यांचं ठरलंय त्यांनी फ्लॅटबेड फिल्म स्कॅनर वापरावा. विकत घ्या, कुणाकडून मागून आणा, दोघांतिघांत मिळून घ्या, पण वापरा. मात्र ज्या गुणाची जाहिरात होते, म्हणजे निगेटिव्हमधून मोठमोठ्या फाइली काढणं, त्यात हे यंत्र मध्यम आहे. त्याचं खरं मोल खालच्या साध्या काचेत आहे. त्या काचेवर मी कॉन्टॅक्ट शीट (अख्ख्या रोलची छोटी चित्रं असलेले कागद) पालथ्या घातल्या, प्रिंटच्या पाठी ठेवल्या, आणि मग माझं जुनं सामान हातातून सुटायला लागलं.

मी नाटकांचे फोटो काढायचे. रंगीत तालमी, शुभारंभाचे प्रयोग, कधी नुसतं वाचन. सगळं कृष्णधवल, बहुतेक कोडॅकच्या ट्राय-एक्स फिल्मवर. ४०० संवेदनशीलतेची फिल्म १६०० ला ओढायची, म्हणजे १६०० ची मानून वापरायची आणि जास्त वेळ धुवायची, कारण प्रयोगात फ्लॅश मारणं म्हणजे प्रकाशयोजनाकाराच्या मेहनतीवर पाणी. रोल स्वतः धुवायचे, प्रिंट स्वतः मारायच्या. ते काम थांबून आता बराच काळ लोटला. मी शाळेत गणित शिकवते आणि त्यात मनापासून रमलेय. पण घरातली एक खोली अजून त्या आधीच्या बाईच्या नावावर होती. एन्लार्जर (निगेटिव्हचं मोठं चित्र कागदावर पाडणारं यंत्र), त्याच्या ५० आणि ८० मिलिमीटरच्या लेन्स, ईझल, ट्रे, चिमटे, लाल दिवा, रोल धुवायच्या टाक्या, वाळवायच्या क्लिपा, मल्टिग्रेडच्या फिल्टरांची डबी, कागदाचे अर्धवट फोडलेले पुडे, आणि भिंतभर फायली. या सामानाला हात लावायचा म्हटलं की मी दार ओढून घ्यायचे. हे परीक्षण त्या खोलीसंदर्भात वाचावं. स्टुडिओ चालवणाऱ्याची गरज वेगळी असते.

आता यंत्राविषयी. मी कुठल्या एका मॉडेलबद्दल लिहीत नाहीये, या जातीच्या यंत्राबद्दल लिहितेय. ए-फोर आकाराची काच, खालून सरकणारा, उजेड टिपणाऱ्या सीसीडीचा दांडा, आणि झाकणात फिल्मसाठी वेगळा दिवा. कागद स्कॅन करताना उजेड खालून पडतो आणि कागदावरून परततो. फिल्म स्कॅन करताना झाकणातला दिवा लागतो आणि उजेड फिल्ममधून आरपार येतो. सोबत प्लास्टिकच्या चौकटी मिळतात: एक ३५ मिलिमीटरच्या पट्ट्यांसाठी, एक माउंट केलेल्या स्लाइडसाठी, एक १२० च्या, म्हणजे मध्यम फॉरमॅटच्या रुंद रोलसाठी. साध्या ऑफिसच्या स्कॅनरला झाकणातला दिवा नसतो. घेताना ते एवढं नक्की बघा, कारण वरून दोन्ही सारखेच दिसतात.

खोक्यावर ६४०० डीपीआय (इंचाला ठिपके) असं काही छापलेलं असेल. त्या आकड्याला भुलू नका. दांडा तेवढ्या बारीक पावलांनी सरकू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. लेन्सला तेवढं बारीक दिसतं असं नाही. १९५१ सालचा अमेरिकी वायुदलाचा रेघांचा तक्ता वापरून ज्यांनी या यंत्रांची मोजणी केली आहे, त्यांना खरा तपशील साधारण दोन हजारांच्या आसपासच सापडतो. कुठे थोडा कमी, कुठे थोडा जास्त. हिशेब सोपा आहे, आणि गणिताची बाई असल्यामुळे मला तो मांडल्याशिवाय राहवत नाही. ३५ मिलिमीटरची फ्रेम २४ बाय ३६ ची. २४०० डीपीआयला तिचे साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेल होतात, म्हणजे पावणेआठ मेगापिक्सेल. सोळा बिटांच्या कृष्णधवल टिफमध्ये फाइल पंधरा एमबीच्या जरा वर. तीच फ्रेम ६४०० ला घेतली तर पंचावन्न मेगापिक्सेल आणि एकशे दहा एमबी. जागा सातपट खाल्ली, वेळही पुष्कळ खाल्ला, तपशील जवळपास तेवढाच. २४०० वर थांबा. फार तर एखादी लाडकी फ्रेम ३२०० ला घ्या आणि नंतर आकार कमी करा.

१२० च्या रोलची गोष्ट निराळी. सहा बाय सहाची निगेटिव्ह प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर चौरस असते. २४०० ला तिचे अठ्ठावीस मेगापिक्सेल होतात आणि ते सगळे कामाचे असतात. ज्यांचं काम मध्यम फॉरमॅटवर आहे त्यांना या यंत्राबद्दल तक्रार करायला फारशी जागा नाही. माझ्याकडे नटनट्यांची काही पोर्ट्रेट १२० वर होती. ती पडद्यावर आली तेव्हा रंगभूषेच्या थराखालचे पापणीचे केससुद्धा मोजता आले.

ट्राय-एक्स ओढलेली असली की मात्र स्कॅनरची परीक्षा होते. रंगमंचावरच्या झोतात उभ्या नटाचं कपाळ निगेटिव्हवर दाट काळं होतं. एन्लार्जरखाली मी तिथे जास्त वेळ उजेड द्यायचे, हाताचा पंजा हलवत बाकीचा भाग झाकायचे आणि कपाळावरची घडी कागदावर उतरवायचे. स्कॅनरला त्या दाट काळ्यातून आरपार बघायला कष्ट पडतात. घडीच्या जागी पांढरा डाग येतो, नाहीतर बारीक खरखर. उपाय असा, की सॉफ्टवेअरमधली आपोआप कॉन्ट्रास्ट ठरवण्याची सोय बंद करायची, हिस्टोग्रामची, म्हणजे काळ्यापांढऱ्या छटांच्या आलेखाची, दोन्ही टोकं मोकळी सोडायची आणि स्कॅन जाणूनबुजून फिका, राखाडी घ्यायचा. रंगरूप नंतर द्यायचं. फिका स्कॅन बघून जीव खट्टू होतो, पण त्यात सगळं असतं.

धुळीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथे विक्रेते अर्धंच सांगतात. इन्फ्रारेडने धूळ ओळखून पुसण्याची सोय या वर्गातल्या बऱ्याच यंत्रांत असते, डिजिटल आइस हे तिचं सर्वांत ओळखीचं नाव. रंगीत निगेटिव्हमध्ये शेवटी फक्त रंग उरतात आणि इन्फ्रारेड त्यांतून पार जातो. धूळ आणि ओरखडे तेवढे अडवतात, म्हणून यंत्राला ते ओळखू येतात. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच मुळी चांदीचं. चांदीही इन्फ्रारेड अडवते, आणि यंत्र नटाच्या नाकालाच धूळ समजतं. त्यामुळे ट्राय-एक्स, एचपी-फाइव्ह असल्या फिल्मना ही सोय वापरता येत नाही. एक्सपी-टू ही इलफर्डची फिल्म कृष्णधवल असूनही रंगीत फिल्मसारखी धुतली जाते, तिला चालते. कोडाक्रोमच्या स्लाइडवर तिचा भरवसा धरू नये. थोडक्यात, कृष्णधवलवाल्यांनी हवा मारायचा रबरी फुगा, मऊ ब्रश आणि सुती हातमोजे घेऊन बसायचं. फिल्मवर तोंडाने फुंकर मारायची नाही. थुंकीचे शिंतोडे धुळीपेक्षा वाईट.

वाकलेल्या पट्ट्यांचाही त्रास आहे. प्लास्टिकची चौकट फिल्मला सपाट धरत नाही, आणि मधे उंचवटा आला की फ्रेमच्या कडा एका जागी शार्प आणि मध्य दुसऱ्या जागी. पट्ट्या आठवडाभर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवल्या तर बराच फरक पडतो. थेट काचेवर फिल्म टेकवलीत तर न्यूटनची इंद्रधनुषी वलयं येतात. त्यासाठी खरखरीत केलेली खास काच मिळते. चौकटीची उंची कमीजास्त करता येते का, हेही घेण्याआधी विचारा. मिलिमीटरभराच्या फरकाने शार्पनेस बदलतो.

फक्त ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हच करायच्या असतील तर दुसरे दोन मार्ग आहेत. निकॉनचे शेवटचे कूलस्कॅन ४००० डीपीआयचे होते आणि फिल्मसाठीच बनवलेले होते; ते आता नवे मिळत नाहीत, जुने सांभाळून चालवावे लागतात. दुसरा मार्ग म्हणजे डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि खाली एलईडीची पाटी: फ्रेमचा सरळ फोटोच घ्यायचा. वेगात आणि शार्पनेसमध्ये हा फ्लॅटबेडला मागे टाकतो. तरीही माझं मत फ्लॅटबेडलाच आहे. कारण मला निगेटिव्हची प्रत काढायची नव्हती, खोली रिकामी करायची होती.

इथे कॉन्टॅक्ट शीटचा मुद्दा येतो. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रोल धुऊन वाळला की त्याच्या सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापायच्या, आठ बाय दहाच्या कागदावर शेजारी-शेजारी मांडायच्या, वरून काच दाबायची आणि उजेड द्यायचा. अख्खा रोल एका कागदावर, प्रत्येक चित्र निगेटिव्हएवढंच. त्यावर भिंग धरून बघायचं आणि लाल मेणपेन्सिलने खुणा करायच्या. घ्यायच्या फ्रेमला चौकोन, नको तिला फुली, जिथून कापायची तिथे रेघ.

आठ बाय दहाचा कागद ए-फोर काचेवर आरामात मावतो. ६०० डीपीआयला तो स्कॅन केला की ४८०० बाय ६००० पिक्सेल येतात, आणि त्यातल्या प्रत्येक इवल्या फ्रेमला साधारण ८५० बाय ५६५. मोबाइलच्या पडद्यावर ती फ्रेम छान दिसते. म्हणजे एका स्कॅनमध्ये अख्खा रोल, खुणांसकट. निगेटिव्हवरून तेच करायचं तर पट्ट्या काढा, पुसा, चौकटीत बसवा, आधी ओझरता स्कॅन घ्या, छत्तीस जागी चौकोन आखा, मग स्कॅन. कॉन्टॅक्ट शीट काचेवर ठेवायला आणि उचलायला दोन हात पुरतात.

वेळ वाचतो हे खरं, पण माझा जीव दुसऱ्या गोष्टीसाठी अडकला होता. सुटी फ्रेम म्हणजे नाटक. कॉन्टॅक्ट शीट म्हणजे ते बघणारी मी. मी कुठून कुठे सरकले ते तिच्यात दिसतं. पहिल्या पट्टीत मी प्रेक्षागृहात मागे उभी आहे, सगळा रंगमंच लहानसा दिसतोय. दुसऱ्या पट्टीत पुढे आलेय. मग एका नटीचा चेहरा सलग पाच वेळा, प्रत्येक वेळी जरासा जवळून. म्हणजे मला काहीतरी दिसलं होतं आणि ते हातात येत नव्हतं. सहाव्या फ्रेमला तिने मान वळवलेली आहे आणि त्याभोवती लाल चौकोन. त्यानंतरच्या दोन फ्रेम हललेल्या. तिथे मी कॅमेऱ्यामागे नाटकच बघत बसले असणार. हे कुठल्याही एका प्रिंटमध्ये नाही. एन्लार्जरमध्ये तर अजिबात नाही. त्या खोलीत मी जे राखत बसले होते, ते या कागदांवर आधीपासून उतरलेलं होतं, आणि हे कागद एका मध्यम खोक्यात मावतात.

म्हणून माझी शिफारस उलट्या क्रमाची आहे. आधी सगळ्या कॉन्टॅक्ट शीट स्कॅन करा. त्या पडद्यावर मोठ्या करून सावकाश बघा, घाई करू नका, एका बैठकीत एकच नाटक घ्या. बघताना थोड्याच फ्रेम ‘ही हवीच’ असं म्हणायला लावतील. तेवढ्याच निगेटिव्ह बाहेर काढा आणि नीट, पूर्ण क्षमतेने स्कॅन करा. सगळंच स्कॅन करून टाकू, मग नंतर बघू, असं यंत्र सुचवतं. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एकगठ्ठा स्कॅनचं बटणच असतं. ते दाबलंत तर कपाटातला ढीग डिस्कवर जाईल आणि निवड करायचं काम तसंच शिल्लक राहील, फक्त आता त्याला धूळसुद्धा बसणार नाही की आठवण व्हावी.

आणि जुन्या खुणांना बांधून घेऊ नका. चौकोन तेव्हाच्या कामासाठी होते: जाहिरातीला कुठली चालेल, मासिकाच्या उभ्या कॉलमात कुठली बसेल. एका रंगीत तालमीच्या शीटवर मी नायिकेची फ्रेम निवडली होती, ती चांगलीच आहे. पण तिच्या दोन घरं आधी विंगेत उभा असलेला एक पोरगेला नट आहे, ओठांत स्वतःचं वाक्य पुटपुटतोय, प्रवेशाच्या क्षणाआधी. तिच्यावर कुठलीच खूण नाही. तेव्हा तिचा उपयोग नव्हता. आज त्या नाटकातली मला एकच ठेवायची तर मी ही ठेवेन, आणि ठेवलीय.

प्रिंटच्या पाठीबद्दल कुणी बोलत नाही, आणि मला तो या यंत्राचा दुसरा मोठा उपयोग वाटतो. फोटोच्या मागे काय काय असतं! नाटकाचं नाव, तारीख, संपादकाची निळी खूण, किती कॉलम रुंदीला छापायचा ते, एक्स्पोजरची टिपणं: ‘एफ-८, १४ सेकंद, डावीकडे +५’. हे आकडे म्हणजे त्या प्रिंटची कृती. पुढची बाजू झाली की प्रिंट उलटा आणि पाठही स्कॅन करा, ३०० डीपीआय पुरे. दोन्ही फायलींना एकच नाव, शेवटी ‘पुढे’ आणि ‘पाठ’.

नावावरून आठवलं. फाइलच्या नावात सगळी माहिती कोंबू नका. आयपीटीसी म्हणून एक सोय आहे. फोटोच्या फाइलच्या आतच मथळा, तारीख, व्यक्तींची नावं, श्रेय लिहिता येतं आणि ते फाइलबरोबर फिरतं. मी नाटक, संस्था, प्रवेश, नट आणि फोटोत न दिसणारा प्रकाशयोजनाकार एवढं लिहिते. लिहिताना जी नावं आठवत नाहीत त्यासाठी जुन्या मंडळींना फोन करावा लागतो. तो करा. माझ्या या कामातला सगळ्यात सुखाचा भाग ते फोन होते.

यंत्राबरोबर आलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीला पुरतं. संगणकाची प्रणाली बदलली की जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर चालेनासा होणं हे या क्षेत्रातलं नेहमीचं दुखणं आहे. व्ह्यूस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर त्यासाठी कामी येतं, कित्येक जुने, कंपनीने सोडून दिलेले स्कॅनर ते चालवतं. सिल्व्हरफास्ट हे दुसरं. त्यात बारकावे जास्त आहेत आणि शिकायला वेळ लागतो. कुणाकडे जुना फ्लॅटबेड पडून असेल तर नवा घेण्याआधी व्ह्यूस्कॅनची चाचणी आवृत्ती लावून बघा.

साठवणीचं थोडक्यात: मूळ प्रत टिफमध्ये, वाटायला जेपेग. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर.

यानंतर सामान. हा भाग परीक्षणाच्या कक्षेत येतो का, असं कुणी म्हणेल. माझ्या मते येतो, कारण स्कॅनर चांगला की वाईट हे मी खोलीतून काय काय बाहेर गेलं यावरून ठरवतेय.

रसायनं सगळ्यात आधी काढा. त्यांत आठवण नसते, धोका असतो. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते, ती मोरीत ओतायची नाही. पाण्यातल्या जीवांना ती विषारी आहे. सेलेनियम टोनर, डायक्रोमेट, पाऱ्याचा थर्मामीटर हे सगळं घातक कचरा घेणाऱ्या केंद्राकडेच द्यायचं, मूळ बाटलीत, लेबलासकट. एका बाटलीतलं दुसरीत मिसळायचं नाही. डी-७६ ची पावडर कोरडी आणि पांढरी असेल तर कुणी फिल्मवाला आनंदाने नेईल. १९२७ पासून चालत आलेला डेव्हलपर आहे तो, अजूनही लोक त्यातच रोल धुतात. तपकिरी झाली असेल तर रसायनांबरोबर तीही द्या.

एन्लार्जरला कुणी घेणार नाही या समजुतीने मी तो इतकी वर्षं पुसत बसले होते. तसं मुळीच नाही. फिल्मकडे तरुण मंडळी परत वळली आहेत. कोडॅकने एक्टाक्रोम ही रंगीत स्लाइडची फिल्म बंद केली होती, ती २०१८ मध्ये परत आणली. पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा काढला. फिल्म मिळते, कॅमेरे मिळतात. नवे एन्लार्जर मात्र फार थोडे बनतात. त्यामुळे तुमच्याकडचा, सरळ उभा राहणारा, लेन्सला बुरशी नसलेला एन्लार्जर कुणाची तरी अडलेली गरज आहे. देण्याआधी तो स्वतः एकदा जोडा, बल्ब लावा, निगेटिव्ह कॅरिअर, फिल्टर आणि दोन्ही लेन्स सोबत ठेवा. सुटे भाग हरवलेला एन्लार्जर नेणाऱ्याला फार छळतो.

माझा न्यायला दोन मुलं आली. त्यातल्या मुलीने खांबावरची मूठ फिरवून बघितली आणि म्हणाली, “काकू, फोकस ह्यानेच का?” मी म्हटलं, “ती उंचीची गं. फोकसची खालची, बारीक. डोळा ग्रेनवर ठेव, चित्रावर नको.” एवढं सांगताना माझ्या बोटांना सगळं आठवलं. मग तिने ती मूठ फिरवली आणि मी हात मागे घेतला. त्या दोघांनी ट्रे, लाल दिवा, टाक्या, सगळंच नेलं. मला वाटलं होतं खोली भकास दिसेल. तशी नाही दिसली. त्या आधीच्या बाईचं काम कुणीतरी पुढे करणार, याचा मला मनापासून आनंद झाला.

निगेटिव्हच्या बाबतीत मी ठाम आहे: स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह टाकू नका. नीट धुतलेली कृष्णधवल निगेटिव्ह थंड, कोरड्या जागी कुठल्याही डिस्कपेक्षा जास्त टिकते, आणि ती बघायला ड्रायव्हर लागत नाही, खिडकीसमोर धरली की झालं. पीव्हीसीच्या पाकिटांतून त्या आधी बाहेर काढा, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटांत घाला. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर तो ॲसिटेटचा पाया कुजतोय, आणि त्या वाफेने शेजारच्या पट्ट्याही बिघडतात. असा डबा बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळा करा आणि स्कॅनिंगच्या रांगेत पहिला आणा. इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या ए-डी पट्ट्या मिळाल्या तर डब्यात ठेवा. निळ्याच्या हिरव्या, पिवळ्या होत गेल्या की कुजण्याचं प्रमाण कळतं. रंगीत निगेटिव्ह आणि स्लाइडचे रंग अंधारातही हळूहळू उडतात, म्हणून स्कॅन करताना रंगीत आधी, कृष्णधवल मागून.

पण ‘टाकू नका’ म्हणजे ‘तुम्हीच ठेवा’ असं नव्हे. माझ्या निगेटिव्हचा मोठा हिस्सा त्या त्या नाट्यसंस्थांकडे गेला, कॉन्टॅक्ट शीटच्या छापील प्रती आणि नावांच्या यादीसकट. ज्या संस्था आता उरल्या नाहीत त्यांचा गठ्ठा एका ग्रंथालयाच्या संग्रहाने घेतला. देण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: छापायचा हक्क कुणाकडे राहील आणि श्रेय कसं द्यायचं. आणि ज्या फोटोंत कुणी रंगपटात कपडे बदलताना, रडताना, भांडताना आहे, अशा फ्रेम त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नका. मी तशा निगेटिव्ह बारीक कापून टाकल्या. मला त्यांनी जवळ येऊ दिलं होतं ते नाटकासाठी. ती परवानगी पुढे कुणाला द्यायची नव्हती.

प्रिंटमधले आरसी, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदावरचे आणि दुबार असलेले मी वाटून टाकले, ज्यांचे चेहरे त्यांनाच. फायबर, म्हणजे तसा थर नसलेल्या कागदावरचे थोडे ठेवलेत. त्या कागदाच्या काळ्या रंगाला जी खोली आहे ती स्कॅनमध्ये येत नाही, कुठल्याही यंत्राने येणार नाही. कागद तिरका धरून बघायचा असतो, उजेड त्यावरून घसरताना. इथे स्कॅनरचा दोष नाही. पण स्कॅन केलंय म्हणून उत्तम फायबर प्रिंट कुणी टाकत असेल तर त्याला मी अडवेन.

माझ्याकडे आता एक खोकं आहे: कॉन्टॅक्ट शीट, निवडक निगेटिव्ह, फायबर प्रिंट. खोलीत माझं वह्या तपासायचं टेबल आलंय.

उरला स्वतः स्कॅनर. यंत्र जड आहे, जागा अडवतं, आणि काम संपल्यावर त्याचाच नवा पसारा होतो. कागदपत्रं स्कॅन करायला उपयोगी पडेल म्हणून ठेवू नका, तेवढं काम मोबाइलवर होतं. माझा पुढच्या महिन्यात एका जुन्या सहकाऱ्याकडे जातोय. त्याच्याकडे नृत्याच्या रंगीत स्लाइड आहेत, आणि त्यांच्यावर इन्फ्रारेडची सोयही चालेल. स्लाइडची चौकट, रबरी फुगा आणि हातमोजे मी सोबत देतेय. काच पुसायला मऊ मायक्रोफायबर कापड वापर, द्रव थेट काचेवर ओतू नको, आणि हलवण्याआधी खालची वाहतुकीची कुलूपकळ असेल तर ती लाव, एवढं चिठ्ठीवर लिहून झाकणाला चिकटवलंय.